शिक्का नाही, म्हणजे पोचला नाही

आमच्या कॉलेजात पळायला शिकवणारे जे सर होते, त्यांना पळताना कोणीही पाहिलेलं नव्हतं. बस सुटत असली तरी ते चालतच जायचे आणि बस सुटली की तिच्याकडे असं बघायचे, की चूक बसची आहे. वर टक्कल, मध्ये पोट आणि दोघांच्या मधोमध एक पितळी शिट्टी, एवढ्या भांडवलावर त्यांनी तीस वर्षं नाशिकच्या पोरांना पळवलं. आम्ही पुढे धापा टाकत असायचो आणि हे मागून स्कूटरवर, सेकंड गिअरमध्ये, खारे दाणे खात यायचे.

"पाय घरून आणलेत की भाड्याने?" हा त्यांचा दिवसाचा पहिला प्रश्न. नवीन पोरगं बिचारं उत्तर द्यायला थांबायचं. मग दुसरा प्रश्न यायचा, "थांबायला कोणी सांगितलं?"

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो उशिरामुळे. कॉलेजने सरांना क्रीडा संचालक नेमलं होतं, पण संचालन करण्याजोगी क्रीडा फारशी नसल्यामुळे सकाळी त्यांना गेटवर उभं केलेलं असायचं. उशिरा येणाऱ्यांची ओळखपत्रं जप्त करायची, हे त्यांचं काम. आमचा मळा मखमलाबादच्या पुढे. झेंडू, शेवंती आणि मधल्या पट्ट्यात मेथी-कोथिंबीर. पहाटे वडिलांबरोबर फुलं बाजारात टाकून मग कॉलेज गाठायचं म्हणजे उशीर ठरलेला. एक दिवस गेटवर सर दिसले म्हणून मी मागच्या भिंतीवरून उडी मारली आणि मैदान ओलांडून जीव खाऊन पळालो. वर्गाच्या दारात सर स्कूटर स्टँडला लावून उभे होते.

"उडी बरी होती," माझं ओळखपत्र काढून घेत ते म्हणाले. "नंतरचं पळणं भिकार. उद्या साडेपाचला मैदानावर यायचं, नाहीतर हे ओळखपत्र प्राचार्यांकडे जाईल."

माझी क्रीडा कारकीर्द अशी धमकीतून सुरू झाली. घरी सांगितलं तेव्हा वडील शेवंतीचे गठ्ठे बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "एवढं पळून जातो कुठं तू? फिरून तिथंच येतो ना? त्यापेक्षा पाटी घेऊन बाजारात पळ, दोन गिऱ्हाईकं तरी व्हतील." क्रीडा मानसशास्त्राची मोठमोठी पुस्तकं मी नंतर चाळली, पण लांब पल्ल्याच्या धावण्यावर इतकी नेमकी टीका कुठे वाचली नाही.

सरांच्या कारकिर्दीविषयी बोलायचं तर आधी मैदानाविषयी बोलावं लागेल, कारण दोघांची वाढ एकाच पद्धतीने खुंटली. सर नोकरीला लागले तेव्हा मैदान म्हणे चारशे मीटरच्या ट्रॅकला पुरून उरेल एवढं होतं. मग एका कोपऱ्यात कँटीन आलं, एका कडेला दुचाक्यांची शेड आली आणि शेवटी संस्थेने दक्षिणेच्या बाजूला व्यवस्थापन शाखेची चार मजली इमारत ठोकली. उरलेल्या जागेत सरांनी फक्कीने जो ट्रॅक आखला त्याला पाच कोपरे होते. त्यातल्या एका कोपऱ्यावर नारळाचं झाड होतं, त्याला वळसा घालायचा. त्या ट्रॅकवर सराव केलेली आमची पोरं बाहेरच्या स्पर्धेत गोल ट्रॅकवर गेली की पहिल्या फेरीत गोंधळून जायची.

तर एकदा कॉलेजला दर्जा ठरवून देणारी समिती आली. प्राचार्यांनी आठवडाभर आधी रंगारी लावून मैदानाच्या तोंडाशी "४०० मीटर धावपट्टी" असा फलक लिहून घेतला. आम्हाला उसने ट्रॅकसूट घालून हसतमुख उभं केलं होतं. समितीतल्या एका पाहुण्यांनी फलक वाचला, मैदान बघितलं, पुन्हा फलक वाचला आणि कौतुकाने विचारलं, "अरे वा, पूर्ण चारशे मीटर?"

प्राचार्य "हो" म्हणायच्या आत सर म्हणाले, "तीनशे बारा. उरलेले अठ्ठ्याऐंशी मीटर त्या इमारतीखाली आहेत. तिथं मुलांना व्यवस्थापन शिकवतात."

पाहुणे मनापासून हसले. प्राचार्यही हसले, पण त्यांचं हसू ओठांवरून पुढे सरकलं नाही. पुढच्या सोमवारपासून सरांकडे गेटबरोबर पार्किंगची जबाबदारीही आली. त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीतली ही एकमेव बढती म्हणायला हरकत नाही.

ट्रॅक असा पंचकोनी झाल्यामुळे सरांनी सगळा जीव क्रॉसकंट्रीत घातला. "ट्रॅक बांधकामवाल्यांच्या नजरेत येतो," ते म्हणायचे. "शेतातनं, बांधावरनं पळायचं. पळायला काय लागतं? रस्ता लागतो. बाकीचं सगळं दुकानदारांनी काढलेलं आहे." बुटांबद्दल त्यांना विशेष राग. कोणी महागडे बूट घालून आलं की ते वाकून बुटांशी बोलायचे, "नमस्कार. यांना कुठपर्यंत घेऊन जाणार आज?"

सराव सोमेश्वरच्या पुढे, गंगापूर धरणाच्या रस्त्याने. पाच किलोमीटर जायचं, पाच यायचं. इथे सरांची एक अडचण होती. स्कूटरच्या मनात नसेल त्या दिवशी ते मागून येऊ शकत नसत, आणि आमच्या आधीच्या एका बॅचने या अडचणीचा पुरेपूर फायदा घेतला होता. ती पोरं पहिल्या वळणाआड आंब्याखाली बसायची, पाऊण तास गप्पा हाणायची, कालव्यातलं पाणी डोक्यावर ओतून घ्यायची आणि घामाघूम दिसत परत यायची. घड्याळात वेळ उत्तम येत होती. सरांनी त्या वर्षी प्राचार्यांना लिहून दिलं होतं, की यंदा आपले चार खेळाडू राष्ट्रीय पातळीचे आहेत. प्रत्यक्ष स्पर्धेत ते चार राष्ट्रीय खेळाडू तिसऱ्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला बसलेले सापडले.

तेव्हापासून सरांनी शिक्का आणला. कॉलेजच्या ऑफिसात पत्र आलं की त्यावर "आवक" असा गोल शिक्का मारतात, तसला एक झिजलेला शिक्का त्यांनी हेडक्लार्ककडून मागून घेतला आणि पाच किलोमीटरवरच्या चहाच्या टपरीवर ताराबाईंकडे ठेवला. जो पोचेल त्याने मनगट पुढे करायचं, ताराबाईंनी शिक्का मारायचा, मग वळायचं. ताराबाई दूध उतू चाललं असलं तरी आधी शिक्का मारायच्या. "आला का रं? दे हात. दम खा जरा. नाय खायचा? मंग पळ." परत आल्यावर सर एकेकाचं मनगट धरून, चष्मा वर करून तपासायचे. घामाने शिक्का पुसला गेला असेल तर पुन्हा पाठवायचे. यावर कोणी कुरकुर केली तर त्यांचं एकच ठरलेलं वाक्य, "शिक्का नाही, म्हणजे पोचला नाही."

कोणीतरी सुचवलं, की सर, आता मोबाइलमध्ये ॲप असतं, कुठे गेलो, किती पळालो, सगळं दिसतं. सर म्हणाले, "मोबाइल पोचला हे दिसतं. तो कोणाच्या मोटारसायकलवर बसून पोचला, ते दिसतं का?" यावर तो पोरगा गप्प बसला, कारण त्याने नेमकं तेच योजलं होतं. शाई जांभळी होती आणि दोन-दोन दिवस निघत नसे. आमची आई एकदा जेवायला वाढताना माझं मनगट बघून म्हणाली, "कालेजात जातो का पोष्टात?"

आहाराबाबत सरांचं धोरण कडक होतं. नागलीची भाकरी खा, गूळ-दाणे खा, आणि मिसळीकडे बघूसुद्धा नका. नाशिकमध्ये राहून रविवारी सकाळी मिसळ खायची नाही, हे माणसाला सांगणं म्हणजे त्याला गाव सोडायला सांगणं. सरांनाही ते माहीत होतं, म्हणून रविवारी ते स्वतः स्कूटरवरून एकेका मिसळीच्या हॉटेलात डोकावत फिरायचे. एकदा मी आणि आमचा कॅप्टन काशिनाथ रंगेहाथ सापडलो. काशिनाथ सुरगाण्याकडचा, हॉस्टेलवर राहायचा. सर आत आले. आमच्याच टेबलावर बसले, एक मिसळ मागवली, दोन वेळा तर्री घेतली, तीन पाव संपवले, वर ताक प्याले. रुमालाला तोंड पुसून म्हणाले, "खात्री करून घेतली. वाईट असते. आता दोघं इथनं मैदानापर्यंत पळत चला." त्या सहा किलोमीटरमध्ये ती मिसळ माझ्या पोटात काय काय बोलली, ते लिहिण्यासारखं नाही. काशिनाथला काही झालं नाही. त्याला कशानेच काही होत नसे. डोंगरात वाढलेलं पोरगं, दहा किलोमीटर पळून आला तरी बोलताना आवाज हलायचा नाही. सर त्याच्यावर ओरडायचे, "अरे, दम लागल्यासारखं तरी कर. बाकीच्यांना वाईट वाटतं." तो खाली मान घालून म्हणायचा, "सर, नाय लागत त कसा दाखवू?"

क्रॉसकंट्रीत सांघिक निकाल कसा लागतो ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. प्रत्येक कॉलेजचे सहा जण पळतात. त्यातल्या पहिल्या चौघांचे नंबर मिळवायचे. ज्याची बेरीज सगळ्यात कमी, त्याला विभागाची ढाल. म्हणजे एखाद्या कॉलेजचा एक पोरगा वाऱ्यासारखा पळत असला तरी भागत नाही, चौथा कितवा येतो त्यावर ढाल ठरते. सर म्हणायचे, "पहिला देवाने दिलेला असतो. चौथा मला करावा लागतो."

आमच्या कॉलेजला ती ढाल कधीही मिळालेली नव्हती. सरांच्या काळात आम्ही किती वेळा दुसरे आलो याची मोजदाद कोणी ठेवली नव्हती, सरांनी सोडून. शिक्षकांच्या खोलीत त्यांना या विषयावरून रोज चिमटे बसायचे. अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक त्यांना "उपविजेते" अशीच हाक मारायचे. सर हसून घ्यायचे. पण स्पर्धेच्या आधी महिनाभर त्यांचे दाणे खाणं बंद व्हायचं, हे आम्हाला माहीत होतं. मी तिसऱ्या वर्षाला गेलो ते सरांचं नोकरीतलं शेवटचं वर्ष होतं. त्या वर्षी पहिला काशिनाथ होता, दुसरा-तिसराही बरे होते, आणि चौथा मी होतो. सर मला पहाटे वेगळं बोलवायचे, पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला लावायचे आणि स्वतः खाली स्कूटरवर बसून ओरडायचे, "वर काय बुद्ध भेटायला थांबलेत का? लवकर ये." एकदा मी फार थकून खाली आलो, तर बाटली पुढे करत म्हणाले, "एवढी एक ढाल घेऊ रे. मग मला काय, पेन्शन आहे." त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही एकमेव विनंती.

त्या वर्षीची विभागीय स्पर्धा आमच्याच कॉलेजने भरवली. पुढे काय झालं ते मी गेली बारा वर्षं जिथे चार माणसं जमतील तिथे सांगत आलो आहे. मी आता कळवणला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. ऐकायला माणसं मिळण्याची मला अडचण नसते. मी ती गोष्ट अशी सांगतो.

ऑक्टोबर होता. कालव्याच्या कडेने, द्राक्षबागांमधून कच्चा रस्ता, पाच किलोमीटरवर एक पंपाची खोली, तिथे वळायचं. सरांच्या हौसेने इथेही शिक्का होता. सात कॉलेजांचे बेचाळीस धावपटू आणि शिक्का मारायला एकटे पोपटमामा, आमच्या ग्रंथालयातले शिपाई. पॅडही ग्रंथालयाचं, म्हणजे नवीन पुस्तकं येतील तेव्हाच उघडायचं, म्हणजे दोन-तीन वर्षांतून एकदा. ते पार वाळलेलं होतं. मामा पॅडवर थुंकी लावून एकेक शिक्का उठवत होते आणि टेबलाभोवती रेशनच्या दुकानासारखी गर्दी झाली होती. मी हात पुढे केला, मामांनी शिक्का दाबला, तो उठलाच नाही. आता थांबलो तर पाच-सहा जण पुढे जाणार. मी वळलो आणि पळालो. असा पळालो, की आयुष्यात पळालो नव्हतो. पंधरावा आलो.

काशिनाथ पहिला आला होता. बाकी दोघे सहावा आणि अकरावा. बेरीज तेहतीस. दुसऱ्या कॉलेजची छत्तीस. पोरं नाचायला लागली. कोणीतरी ढाल टेबलावरून उचललीसुद्धा. सर तेव्हा कुठे स्कूटर ढकलत शेवटच्या रेषेवर येऊन पोचत होते, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांनी ढाल खाली ठेवायला लावली आणि म्हणाले, "शिक्के बघायचे आहेत. आधी घरचे."

माझा हात त्यांनी धरला. मनगट बघितलं, उलटं करून बघितलं, दुसरा हात बघितला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

"सर, पॅड वाळलं होतं," मी म्हणालो.

पोपटमामा धावत आले. "व्हय सर, पॅडच खराब हाय. मारला आसंल मी, उठला नसंल. लय गर्दी व्हती."

छत्तीसवाल्या कॉलेजचे सर तरुण होते, गॉगल लावलेले. तेही म्हणाले, "जाऊ द्या ना सर. पोरगा पळालेला दिसतोय. आमची काही हरकत नाही." म्हणजे ज्यांना ढाल मिळणार होती ते सोडायला तयार होते आणि ज्यांना तीस वर्षं मिळाली नव्हती ते आमचे सर तपकिरी चष्म्यातून माझ्या मनगटाकडे बघत होते.

"शिक्का नाही, म्हणजे पोचला नाही," सर म्हणाले. "नाव खोडा."

माझं नाव खोडलं गेलं. आमचा पाचवा पार मागे आला होता. ढाल दुसऱ्या कॉलेजात गेली, आम्ही दुसरे. सर त्या मार्चमध्ये उपविजेते म्हणूनच निवृत्त झाले. इथे मी थोडा थांबतो, आणि मग सांगतो, की या देशात माणूस पळाला की नाही याला महत्त्व नाही, कागदावर पोचला पाहिजे. लोक हमखास हसतात. "शिक्का सर" हे त्यांचं नाव पडलं ते त्या दिवसापासून. ते मीच पाडलं. निवृत्तीपर्यंत पोरांनी त्यांच्या स्कूटरच्या सीटवर, त्यांच्या खोलीच्या दारावर आणि निरोप समारंभाच्या सूचनेवर "आवक"चे शिक्के मारून ठेवले होते. मी त्यांच्याशी पुन्हा बोललो नाही आणि पुन्हा पळायलाही गेलो नाही.

तर गेल्या हिवाळ्यात काशिनाथचा फोन आला. तो आता पोलीस खात्यात आहे. सरांनी सत्तरी ओलांडली, जुने खेळाडू मिळून सत्कार करू, तू भाषण कर, मराठीचा सर हायेस. मी गेलो. हॉल भरला होता. आमची पोरं आता पोटं सुटलेली, कोणी इगतपुरीला रेल्वेत, कोणी शेतीत. सर पहिल्या रांगेत, पांढऱ्या शर्टात, आणखी थोडे आखूड झालेले.

मी गोष्ट सांगितली. बारा वर्षांत ती चांगली घोटून झाली होती, कुठे थांबायचं, कुठे थुंकीचा आवाज काढायचा, सगळं ठरलेलं. हॉल खदखदून हसला. सरही हसले, डोळे पुसत हसले. मग आयोजकांनी स्मृतिचिन्ह आणलं. सुताराकडून मुद्दाम करून घेतलेला दोन फुटी लाकडी शिक्का, मुठीला पॉलिश, खाली ठळक कोरलेलं "पोचला". पुन्हा हशा, फोटो. सरांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि उरलेला सगळा कार्यक्रम मांडीवर धरून बसले. कोणाकडे द्यावा, हे त्यांना सुचत नव्हतं. त्यांच्या त्या बसण्याकडे बघताना मला माझी लाज वाटली. आयुष्यात बऱ्याच गोष्टींची थोडी थोडी लाज वाटलेली आहे, ही तशी नव्हती. मी खुर्चीत बसू शकलो नाही.

कार्यक्रम संपल्यावर ते पार्किंगमध्ये स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी तो शिक्का सुतळीने बांधत होते. स्कूटर तीच. मी जवळ गेलो.

"भाषण चांगलं झालं," ते म्हणाले. "पळायचास त्यापेक्षा बरं बोलतोस."

"सर, मी तिथपर्यंत गेलो नव्हतो."

ते गाठ मारत राहिले. मग मी सगळं बोललो, जे कोणालाही कधी सांगितलं नव्हतं. मी टेबलापर्यंत पोचलोच नव्हतो. लांबून ती गर्दी दिसली, परत येणारी पोरं माझ्या अंगावरून जात होती, आणि माझे पाय अलीकडेच वळले. त्यांच्यातच मिसळलो. ठरवून केलं नव्हतं, पण वळल्यानंतर कळलं होतं, आणि कळूनही परत गेलो नाही. मामांनी शिक्का दाबला आणि उठला नाही, हे शेवटच्या रेषेवर तोंडातून आपसूक आलं. मामांना बिचाऱ्यांना वाटलं, दाबला असेल. मी आज वर्गात कॉपी पकडण्यात पटाईत आहे, या बाबतीत माझा हात कोणी धरत नाही. लोकांना वाटतं शिस्त.

"बावीस मीटर," सर म्हणाले.

"काय?"

"टेबलाच्या अलीकडे बावीस मीटर. दुसऱ्या दिवशी जाऊन टेप लावला. स्कूटर बंद पडली होती माझी, द्राक्षाच्या तारेपाशी उभा होतो. तू समोरनंच वळलास."

त्यांनी माझ्या हातात सुतळीचं टोक दिलं, धर म्हणाले.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"काय बोलायचं? आमचं पोरगं अर्ध्यातनं वळलं? सात कॉलेजांची माणसं उभी होती तिथं. तुझं नाव विद्यापीठात गेलं असतं, पुढं कुठं नोकरीला अर्ज करताना आडवं आलं असतं. शिक्का नाही म्हटलं की वेडा मी ठरतो." त्यांनी गाठ ओढून बघितली. "मला काय, सवय होती."

"पण तुमची ढाल गेली सर."

"गेली." त्यांनी आणखी एक वेढा घेतला. "वाईट वाटलं. नाही कसं वाटणार? घरी जाऊन जेवलो नाही त्या दिवशी. पण ढाल काय, मिळाली असती तरी प्राचार्यांच्या कपाटातच गेली असती. मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी तू येशील. पायऱ्यांपाशी आठ वाजेपर्यंत थांबलो मी. टेप लावायला गेलो ते त्यानंतर."

त्या सकाळचं मला सगळं आठवत होतं. घरात कोणाला न सांगता उठलो होतो.

"बूट घातले होते सर," मी म्हणालो. "पांडवलेणीच्या फाट्यापर्यंत आलो होतो. तुमची स्कूटर दिसली मला."

सरांनी हातातली सुतळी सोडली आणि बारा वर्षांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"म्हणजे तिथंही अलीकडूनच वळलास," ते म्हणाले.